मुंबईचा फोर्जेटसाहेब

ताडदेवच्या बाजूस, कंबाला टेकडीच्या पायथ्याशीं, फोर्जेट स्ट्रीट या नांवानें ओळखला जाणारा एक रस्ता आहे. त्या रस्त्यानें रोज जाणाऱ्या-येणाऱ्या हजारों माणसांपैकीं हें नांव कोणाचें हें सांगूं शकणारीं दहा माणसें तरी निघतील कीं नाहीं, याची शंकाच आहे. पोलीस अधिकाऱ्याचें नांव लोकांच्या लक्षांत राहतें तें बहुधा धाकानें. आणि ज्याचा धाक तो गेला म्हणजे नांवहि मागें उरत नाहीं. परंतु 1855 पासून पुढें आठ-नऊ वर्षें या शहरांत असा एक काळ होता कीं, बाजारांत दोन माणसें हलक्या आवाजांत बोलूं लागलीं म्हणजे तिसऱ्याच्या तोंडाकडे आधीं पाहून घेत. तो तिसरा कदाचित् चार्ल्स फोर्जेट असेल, ही भीति त्या पाहण्याच्या मुळाशीं होती.

मुंबईच्या पोलिसांचा पूर्वेतिहास फारसा अभिमानास्पद नव्हता. सतराव्या शतकांत गव्हर्नर ऑंजिअरच्या अमदानींत बेटावरील भंडाऱ्यांची एक लष्करवजा पलटण उभी राहिली व पहाऱ्याचें काम तिच्याकडे गेलें, हा या खात्याचा प्रारंभ. पुढें शंभर वर्षांनीं, 1779 मध्यें, जेम्स टॉड नांवाच्या इसमाला ‘लेफ्टनंट ऑफ पोलीस’ नेमण्यांत आलें. पण चोरांना धरण्यासाठीं नेमलेल्या या गृहस्थावरच 1790 मध्यें लांचलुचपतीचा खटला होऊन त्याला नोकरी गमवावी लागली. एकोणिसाव्या शतकांतहि कारभाराची घडी नीट बसली नाहीं. 1832 मध्यें मोकाट कुत्रीं मारण्याच्या हुकुमावरून पारशी समाज खवळला आणि कोटांत दंगा उसळला. 1851 मध्यें एका गुजराती नियतकालिकांतील मजकुरावरून पारशी व मुसलमान यांच्यांत मारामाऱ्या पेटल्या. शहर तर दिवसेंदिवस फुगतच होतें. 1849 च्या गणतींत साडेपांच लाखांवर असलेली वस्ती 1864 च्या शिरगणतींत आठ लाख सोळा हजारांवर गेली. घाटावरचा हमाल, कोंकणांतला गडी, कच्छ-काठेवाडचा व्यापारी, अरब, इराणी, चिनी असे सर्वजण या चिंचोळ्या बेटावर दाटीनें राहूं लागले होते. आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गोऱ्या अंमलदाराला त्यांच्यापैकीं एकाचीहि भाषा धडपणें बोलतां येत नसे. शिपाई जें सांगेल तें खरें मानावयाचें, आणि शिपायाला जो पैसे चारील त्याचें म्हणणें शिपायानें सांगावयाचें, असा तो व्यवहार. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं 1855 मध्यें फोर्जेटला मुंबईस आणलें तें हा व्यवहार मोडण्यासाठीं.

फोर्जेट हा विलायतेंतून बोटीनें आलेला साहेब नव्हता. त्याचा जन्म 1810 च्या सुमारास याच देशांत झाला. बाप मद्रासच्या तोफखान्यांत अधिकारी होता आणि 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यांत जखमी झाला होता. त्याच्या घराण्यांत युरोपीय व हिंदी अशा दोन्ही रक्तांचा मिलाफ होता. त्या काळीं अशा मिश्र घराण्यांतील मुलाची स्थिति मोठी अवघड असे. गोऱ्यांच्या पंक्तींत त्याचें पान शेवटीं. आणि काळ्यांच्या दृष्टीनें तो साहेबच. कंपनीच्या मोठ्या हुद्यांची वाट त्याला बंद. पुण्याकडील जमिनीच्या मोजणीखात्यांत एक किरकोळ नोकर म्हणून त्यानें उमेदवारी केली. पुढें मराठी व हिंदुस्थानी या भाषांचा सरकारी भाषांतरकार, पुण्याच्या पोलिसांवरील अंमलदार, न्यायखात्यांतील दुय्यम अधिकारी, आणि मग दक्षिण महाराष्ट्रांत, म्हणजे बेळगांव-धारवाडच्या मुलुखांत, पोलीस सुपरिंटेंडेंट, अशा पायऱ्या तो एकेक करून चढला. कोणतीहि पायरी त्याला वशिल्यानें मिळाली असें दिसत नाहीं. ज्याला जन्मानें मिळालेलें असें कांहींच नव्हतें, त्यानें कानांनीं जें मिळवितां आलें तें मिळविलें. गांवच्या पाटलाची मराठी वेगळी, पुण्याच्या कारकुनाची वेगळी, आणि पलटणींतल्या परदेशी शिपायाची हिंदुस्थानी त्याहून वेगळी, हें त्याला जन्मजात अवगत होतें. कोणत्या जातीचा मनुष्य पागोटें कसें बांधतो, विडा कसा खातो, कोणाच्या घरीं उंबऱ्याच्या आंत जातो व कोणाच्या बाहेर थांबतो, हीं बारीकसारीक अंगें त्यानें कोणत्या पुस्तकांत वाचलीं नव्हतीं. एस. एम. एडवर्ड्स हे स्वतः 1909 ते 1916 पर्यंत मुंबईचे पोलीस कमिशनर होते व त्यांनीं 1923 मध्यें या शहराच्या पोलिसांचा इतिहास प्रसिद्ध केला; त्यांनींहि फोर्जेटच्या यशाचीं कारणें सांगतांना भाषा, चालीरीतींचें ज्ञान आणि वेषांतराची कला यांनाच मान दिला आहे.

या वेषांतराची एक कथा प्रसिद्ध आहे. फोर्जेटच्या सोंगांची कीर्ति ऐकून लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं त्याच्याशीं पैज मारली कीं, परळच्या सरकारी बंगल्याभोंवतीं कडक पहारा ठेवला असतां त्यानें आंत शिरून दाखवावें. पहारेकऱ्यांना ताकीद मिळाली. दुसऱ्या दिवशीं पहांटे गव्हर्नरसाहेब जागे होऊन पाहतात तों त्यांच्या खोलींत हलालखोराच्या वेषांत फोर्जेट उभा! ही हकीकत सांगणाऱ्यांनीं तींत पदरचें थोडें मीठ घातलें असेल. परंतु तिच्यांतील मर्म पारखण्यासारखें आहे. व्यापारी, फकीर, सरदार यांपैकीं कोणतेंहि सोंग त्याला साधलें असतें. पण पहाऱ्यावरचा शिपाई त्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहता. ज्याच्या सावलीलाहि लोक चुकवून चालतात, त्याच्या चेहऱ्याकडे कोण पाहणार? आमच्या समाजानें एका माणसाकडे न पाहण्याची जी संवय पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला लावून घेतली होती, तिचा उपयोग करून हा साहेब गव्हर्नरच्या पलंगापर्यंत पोंचला. या समाजाची पुरती ओळख असल्यावांचून असलें सोंग कोणाला सुचणें कठीण.

खात्याची झाडलोट त्यानें याच पद्धतीनें केली. खात्यांत काय चालतें याची माहिती त्यानें कचेरींतल्या कागदांवरून न घेता रस्त्यावरून घेतली, आणि लांचखाऊ शिपायाला आपण कोणाशीं बोलत आहों याचा भरंवसा राहूं नये, अशी व्यवस्था केली. 1856 मध्यें तिन्ही इलाख्यांच्या राजधान्यांसाठीं पोलिसांचा नवा कायदा झाला, त्याचेंहि पाठबळ त्याला मिळालें. एवढ्यांत उत्तरेकडून मीरत व दिल्ली येथील बातम्या येऊन थडकल्या.

1857 च्या उन्हाळ्यांत मुंबईंत देशी पायदळाच्या तीन पलटणी होत्या, आणि गोरे सैनिक अवघे चारशेंच्या आसपास. गोऱ्या वस्तींत घबराट पसरली होती. लष्करी अधिकाऱ्यांचें मत असें कीं, पलटणी राजनिष्ठ आहेत. धोका आहे तो शहरांतील मुसलमान वस्तीचा. मोहरम जवळ येत होता. तेव्हां गोऱ्या सैनिकांच्या लहान लहान तुकड्या करून त्या शहरभर पसरून ठेवाव्या, असा ब्रिगेडियर शॉर्ट याचा बेत ठरला व गव्हर्नरांनीं त्याला संमति दिली. फोर्जेटचें मत याच्या नेमकें उलट होतें. तो रोज रात्रीं वेष पालटून मोहल्ल्यांतून, खाणावळींतून, मेळ्यांतून हिंडत असे. त्याच्या कानांवर जें येत होतें त्यावरून त्याची खात्री पटली होती कीं, शहरांतले लोक आपण होऊन उठणार नाहींत. शिपायांनीं पहिलें पाऊल टाकलें तरच शहर हालेल. म्हणून नजर ठेवावयाची ती मोहल्ल्यांवर नव्हे, तर पलटणींच्या बराकींवर. लष्कराच्या कामांत पोलिसानें तोंड घालणें म्हणजे मर्यादेचा भंगच. परंतु गरज पडल्यास आपण हुकूम मोडूं, असें त्यानें गव्हर्नरांना तोंडावर सांगितलें. एल्फिन्स्टन यांनीं त्याला सावधगिरीचा इषारा दिला, पण त्याचे हात बांधले नाहींत. त्या दोघांना एकमेकांची पारख होती.

मोहरमच्या त्या दिवसांत घडलेला प्रसंग असा. पलटणींतला एक ख्रिस्ती ढोलकरी दारूच्या नशेंत हिंदूंच्या एका मिरवणुकींत घुसला व त्यानें देवाची मूर्ति पाडली. पोलिसांनीं त्याला धरून कोठडींत टाकलें. हें कळतांच त्याच्या पलटणींतले वीसेक शिपाई चालून गेले, त्यांनीं कोठडी फोडून आपला माणूस सोडविला आणि पोलिसांनाच बांधून बराकींत नेलें. त्यांना सोडवावयास गेलेल्या पोलिसांच्या तुकडीशीं चकमक झाली, शिपायांपैकीं कांहीं पडले, आणि सर्व पलटण हातघाईवर आली. फोर्जेट घोडा फेंकीत तेथें पोंचला तों शिपाई बाहेर पडण्यासाठीं धक्काबुक्की करीत होते व त्यांचे गोरे अधिकारी उपसलेल्या तरवारी घेऊन त्यांना कसेबसे थोपवून धरीत होते. फोर्जेटला पाहून शिपाई अधिकच पेटतील, या भयानें अधिकारी त्याला निघून जाण्याची विनवणी करूं लागले. तो जागचा हालला नाहीं. घोड्यावर बसून तो त्या जमावाकडे पाहत राहिला. थोड्याच वेळांत त्याचा मदतनीस पन्नासएक युरोपियन पोलीस घेऊन आला. तेव्हां त्यानें दरवाजे उघडून यांना बाहेर येऊं द्या, अशी आज्ञा केली. बाहेर येण्यासाठीं धडपडणारे शिपाई, दरवाजे खरोखरच उघडण्याची भाषा ऐकून माघारीं फिरले.

याच सुमारास त्यानें पोलीस कचेरीच्या आवारांत एक फांशीचा खांब उभा केला, आणि ज्यांच्यावर त्याचा संशय होता अशा शहरांतील असामींना बोलावून त्यांना तो खांब दाखविला. न्यायाच्या कसोटीवर या कृत्याचें समर्थन करणें कठीण आहे. चौकशी नाहीं, आरोप नाहीं, आणि शिक्षा मात्र डोळ्यांपुढें उभी! कायद्याच्या राज्याचा डांगोरा पिटणाऱ्या सरकारचा पोलीस अधिकारी वेळ पडतांच कोणत्या भाषेंत बोलूं लागतो, तें या खांबानें दाखविलें. पण त्याबरोबर दुसरीहि बाजू पाहिली पाहिजे. नाना शंकरशेट यांच्यासारख्या शहराच्या पहिल्या नागरिकावरहि त्या दिवसांत कांहीं गोऱ्यांनीं नानासाहेब पेशव्यांशीं संधान असल्याचा संशय घेतला. चौकशी झाली आणि त्यांच्याविरुद्ध कांहीं निघालें नाहीं. भ्यालेल्या राजसत्तेच्या हातून अशा वेळीं काय होऊं शकतें तें दिल्ली-कानपुराकडे त्याच वर्षीं दिसलें. मुंबईंत तसा सरसकट सूड उगवला गेला नाहीं, याला जीं कारणें झालीं त्यांत एक हें कीं, येथील पोलिसांच्या प्रमुखाला सगळें शहर शत्रु वाटत नव्हतें. लाख-दीड लाख माणसांना धर्मावरून गुन्हेगार समजण्याच्या बेताविरुद्ध तो एकटा उभा राहिला होता. हें दयेपोटीं केलें असें मानण्याचें कारण नाहीं. त्याला माहिती होती, इतरांना नव्हती, एवढाच त्यांतला भेद.

आणि तीच माहिती दुसऱ्या कोणाच्या जिवावर बेतली. मोहरम पार पडला तरी पलटणींतल्या शिपायांचीं गुप्त खलबतें चालूंच होतीं, आणि तीं सोनापूरकडे गंगाप्रसाद नांवाच्या माणसाच्या घरीं होतात असा सुगावा फोर्जेटला लागला. हेराला त्या घरांत शिरकाव मिळेना. तेव्हां त्यानें गंगाप्रसादालाच एका रात्रीं उचलून आणविलें व त्याला बोलतें केलें. त्यानंतर शिपाई जमत तेव्हां भिंतीच्या एका भोंकाशीं डोळा व कान लावून पलीकडे स्वतः फोर्जेट बसलेला असे. दिवाळीच्या दिवसांत उठाव करावयाचा, शहर लुटावयाचें आणि बेट सोडून बाहेर पडावयाचें, असा तो बेत होता. मरीन बटालियनचा प्रमुख बॅरो याला ही गोष्ट पटेना. आपल्या माणसांवर त्याचा पूर्ण विश्वास. फोर्जेटनें त्यालाच त्या भिंतीशीं नेऊन बसविलें. पलीकडच्या दिव्याच्या उजेडांत बसलेले चेहरे ओळखून तो अधिकारी हतबुद्ध झाला. रोज कवायतीला समोर उभे राहणारे, हुकुमाबरोबर पाऊल उचलणारे हे लोक मनांत काय घेऊन उभे असतात, याचा त्याला कित्येक वर्षांत पत्ता नव्हता.

लष्करी न्यायसभेपुढें खटला चालला. मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया या दोघांना देहान्ताची शिक्षा झाली. इतर सहा जणांना जन्मभर काळें पाणी. 1857 च्या ऑक्टोबरच्या 15 तारखेस, ऐन दिवाळीच्या तोंडावर, एस्प्लनेडच्या मैदानांत सैन्याच्या व जमलेल्या लोकांच्या देखत त्या दोघांना तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. त्या दिवशीं तेथें जमलेल्यांत शाळेंत जाणारा एक तेरा वर्षांचा पारशी मुलगाहि होता. पुढें राष्ट्रसभेचे अध्यक्ष झालेले दिनशा वाच्छा ते हेच. मुंबईच्या आठवणींचें जें पुस्तक त्यांनीं 1920 मध्यें प्रसिद्ध केलें, त्यांत या दृश्याचा उल्लेख आहे. तेरा वर्षांच्या मुलानें पाहिलेलें हें दृश्य साठ वर्षें डोळ्यांपुढून हाललें नव्हतें. आझाद मैदानावर आज त्या दोघां हुतात्म्यांची स्मृति जपली जाते.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. सोनापूरच्या घरांत काय बोलणें झालें, याचा मुख्य साक्षीदार स्वतः फोर्जेटच. निवृत्तीनंतर 1877 मध्यें त्यानें इंग्रजींत जें पुस्तक लिहिलें त्यांत त्यानें ही कथा आपल्या तोंडानें सांगितली. पुढच्या इंग्रज इतिहासकारांनीं बहुतेक ती तशीच उचलली. सय्यद हुसेनानें किंवा मंगल गाडियानें आपली बाजू लिहून ठेवलेली नाहीं. त्यांना कशाची चीड होती, घरीं कोण होतें, दिवाळीनंतर बेट सोडून ते कोठें जाणार होते, हें भिंतीच्या भोंकांतून दिसण्यासारखें नव्हतें; आणि तें पाहण्याची फोर्जेटला गरजहि नव्हती. ज्या बोलीनें तो या लोकांच्या जवळ गेला, ती बोली त्याची लहानपणापासूनची. ती त्यानें ज्यांच्याकडून घेतली, त्यांच्यासारख्याच माणसांविरुद्ध त्यानें ती साक्षीला उभी केली.

वेळेवर कट उघडकीस आल्याचें श्रेय एल्फिन्स्टन यांनीं मोकळ्या मनानें फोर्जेटला दिलें. शहर लुटीपासून वांचलें, ही भावना व्यापारीवर्गांतहि खरीच होती. पेढीवाल्याला दिवाळींत लुटीची वार्ता गोड लागणार नाहीं हें उघड आहे.

पुढचीं वर्षें त्या मानानें शांततेचीं गेलीं, आणि त्यांत या पोलिसानें एक असें काम केलें कीं, त्याचा पोलीसगिरीशीं कांहींएक संबंध नव्हता. 1858 मध्यें शहराचा कारभार पाहण्यास जें म्युनिसिपल कमिशनरांचें त्रिकूट नेमलें गेलें त्यांत फोर्जेटहि होता. टाऊन हॉलच्या समोर ‘बॉम्बे ग्रीन’ नांवाचें एक ओसाड, धुळीनें भरलेलें मैदान होतें. कापसाच्या गाड्या एके काळीं तेथें येऊन पडत, आणि मागाहून तेथें कचरा व नारळाच्या करवंट्या यांचेंच राज्य झालें होतें. मधोमध बाग आणि तिच्याभोंवतीं एकसारख्या घाटाच्या इमारतींचें वर्तुळ, ही कल्पना फोर्जेटनें पुढें आणली व तिचा पाठपुरावा केला. म्युनिसिपालिटीनें जागा घेऊन तिचे तुकडे पाडून व्यापारी पेढ्यांना विकले, आणि काम उठलें. त्याला ‘एल्फिन्स्टन सर्कल’ असें नांव मिळालें. स्वातंत्र्यानंतर तेंच हॉर्निमन सर्कल झालें. हिंदी स्वातंत्र्याचा कैवार घेतल्यामुळें ज्याला सरकारनें देशाबाहेर घालविलें त्या इंग्रज संपादकाचें नांव, फोर्जेटनें आंखलेल्या आणि एका गव्हर्नराच्या नांवें ओळखल्या गेलेल्या त्या वर्तुळाला मिळालें. मुंबईच्या रस्त्यांना विनोदबुद्धि नाहीं असें कोणीं म्हणूं नये.

1864 मध्यें फोर्जेट नोकरींतून मोकळा होऊन विलायतेस गेला. त्याच्या जागीं फ्रँक साऊटर आला आणि त्यानें पुढें चोवीस वर्षें मुंबईची पोलीस कमिशनरी केली. त्या वेळीं अमेरिकेंतल्या यादवीमुळें मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शेअरांचा तो सुप्रसिद्ध जुगार भरांत होता. कृतज्ञ कापूसवाल्यांनीं फोर्जेटला दीड हजार पौंडांची थैली पाठविली. बॅक बेची खाडी भरून काढण्यासाठीं निघालेल्या कंपनीनें पांच शेअर त्याच्या नांवें काढून ठेवले, आणि ते विकून त्याला 13,580 पौंड मिळाले. विकण्याची वेळ त्याला बरी साधली. 1865 च्या जुलईंत तो फुगा फुटला आणि ज्यांनीं त्याला शेअर दिले होते त्यांच्यापैकीं कित्येकांच्या घरावर जप्ती आली.

आयुष्याचीं शेवटचीं पंचवीस वर्षें फोर्जेटनें इंग्लंडांत काढलीं. ज्या देशाला तो स्वदेश म्हणत आला होता, तो त्याला म्हातारपणींच जवळून पाहावयास मिळाला. तेथें बकिंगहॅमशायरमध्यें ह्यूएंडनजवळ त्यानें घर बांधलें. आसपास इंग्रज सरदारांचीं जुनीं घरें. त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचीं इंग्रजी नांवें. फोर्जेटनें आपल्या घराला मुंबईच्या आपल्या पारशी मित्राचें नांव दिलें: ‘कावसजी जहांगीर हॉल’. 1890 मध्यें तो इंग्लंडांतच वारला.